दिवा हा बटणाचा मुलगा कसा काय?

भोसरीवाला | रवि, रात्री ११.४०

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पोटतिडकीने लिहितोय. कोड चिकटवला की इथलं एडिटर कंस खातं, म्हणून क्लासची (म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तूंच्या साच्यांची) नावं उच्चाराप्रमाणे लिहितो, चालवून घ्या.

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. मशीनवर बसणाऱ्या टचस्क्रीन पॅनेलचं सॉफ्टवेअर आम्ही करतो, सी प्लस प्लस भाषेत आणि क्यूटीमध्ये (बटणं-खिडक्या तयार देणारं टूलकिट). ऑपरेटरला पडद्यावर बटणं, आकडे आणि दिवे दिसतात. मागे पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) असतो आणि आमचा प्रोग्राम त्याच्याशी टॅगच्या, म्हणजे नाव दिलेल्या नोंदींच्या, नावाने बोलतो. बटण दाबलं की टॅग लिहायचा, दिव्याने टॅग वाचून हिरवं-लाल व्हायचं. एवढं साधं काम.

गेल्या महिन्यात चाकणहून फोन आला, बॅचची मोजणी मध्येच शून्य होते. आधी आम्ही नेहमीप्रमाणे वायरिंग बघा, अर्थिंग बघा असं सांगून बघितलं. मग शनिवारी मलाच जावं लागलं. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला, "साहेब, स्कॅनर मारला की होतं." मी मान डोलावली आणि तीन तास भलतंच शोधत बसलो. शेवटी त्यानेच माझ्यासमोर ऑर्डरचा बारकोड स्कॅन केला आणि ४१२ चा आकडा शून्यावर आला.

कारण सांगतो, ऐकण्यासारखं आहे.

बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच. आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. ऑर्डर नंबरची आमची खिडकी ही क्यूडायलॉग, म्हणजे क्यूटीची संवादखिडकी. क्यूडायलॉगमध्ये ठेवलेलं प्रत्येक क्यूपुशबटन (क्यूटीचं साधं बटण) आपोआप 'ऑटोडिफॉल्ट' होतं, म्हणजे एंटरने दाबलं जायला उमेदवार. कुठलंच बटण मुद्दाम डिफॉल्ट केलेलं नसेल, तर एंटर मारल्यावर फोकसच्या (कीबोर्ड एकामागून एक कोणाकडे जातो त्या) रांगेतलं पुढचं ऑटोडिफॉल्ट बटण दाबलं जातं. हे क्यूटीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

आता रांगेत ऑर्डर नंबर टाइप करायच्या चौकटीच्या पुढे कोण उभं होतं? बॅच पूर्ण झाल्याचा दिवा. आणि आमचा दिवा हा क्लास क्यूपुशबटनापासून काढलेला आहे, म्हणजे बटणाचं सगळं दिसणं-वागणं त्याला वारशाने आलेलं! लिहिणाऱ्याला गोल कडा, मजकूर आणि आयकॉन आयतं हवं होतं, क्यूपुशबटनात ते होतं, घेतलं. दिवा दाबता येऊ नये हे त्यालाही कळत होतं. त्याने माऊस सोडल्याचं फंक्शन रिकामं करून ठेवलंय, म्हणजे बोट लावून क्लिक होत नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड. एंटर थेट क्लिक करतो, तो माऊसच्या वाटेने येतच नाही.

पुढची गंमत आमच्या 'मूळखिडकी'त. सगळ्या खिडक्यांचा हा सामाईक पूर्वज. खिडकी उघडली की तो आतली सगळी क्यूपुशबटनं शोधतो आणि प्रत्येकाला तीन गोष्टी जोडतो: दाबलं की बीप, स्क्रीन झोपवणारा टायमर पुन्हा सुरू, आणि क्लिक झालं की त्या वस्तूच्या नावाच्या टॅगमध्ये १. दिव्याचं नाव काय? तो जो टॅग दाखवतो तेच. म्हणजे स्कॅन केलं, एंटर आला, दिवा 'क्लिक' झाला, बॅचपूर्णच्या टॅगमध्ये १ गेला आणि पीएलसीने आज्ञाधारकपणे मोजणी शून्य केली.

आणि हो, ऑर्डरखिडकी ही पासवर्डखिडकीपासून काढलेली आहे. का? तिच्यात टाइप करायची चौकट होती म्हणून. पासवर्डखिडकी सेटिंगखिडकीपासून, ती मूळखिडकीपासून. काही ठिकाणी असे सात मजले आहेत.

माझा प्रश्न: वारसा नेमका किती घ्यायचा? क्यूटीवाले स्वतः पाच-पाच मजले बांधतात आणि त्यांचं चालतं. आम्ही बांधले की पडतात. फरक काय?

---

अर्धा_कप | रवि, रात्री ११.५२

ऑपरेटरचं पहिल्या पाच मिनिटांत ऐकलं असतंत तर तीन तास वाचले असते. बाकी चालू द्या, वाचतोय.

---

नारायणपेठी | सोम, सकाळी ७.१५

धागाकर्त्यांनी उत्तर शीर्षकातच दिलं आहे, तरी विचारतात.

दिवा बटण *आहे* का? नाही. दिव्याला बटणासारखं *दिसायचं* आहे. दिसण्यासाठी वारसा घेतला की वागणंही गळ्यात पडतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली हेच मांडलं: जिथे मूळ प्रकारची वस्तू चालते तिथे उपप्रकारची ठेवली तरी प्रोग्रामचं काही बिघडता कामा नये. तुमच्या मूळखिडकीने "मला बटणं द्या, मी टॅग लिहितो" म्हटलं, तुम्ही दिवा पुढे केलात. तिने तिचं काम चोख केलं. तिला नावं ठेवू नयेत.

माऊसचं फंक्शन रिकामं केलं होतं, तिथेच खरं तर घंटा वाजायला हवी होती. वडिलांकडून आलेली गोष्ट मुलगा रिकामी करून टाकतो म्हणजे मुलगा त्या घरातला नाही.

---

जुनं_खोड | सोम, सकाळी १०.०५

नारायणपेठींचं बरोबर आहे, पण ते जरा पुस्तकी झालं. भोसरीवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे: टूलकिटवाल्यांचं चालतं आणि आपलं का पडतं? मी एक्स विंडोच्या (युनिक्सवरच्या जुन्या खिडक्यांच्या) काळापासून या धंद्यात आहे, चार पिढ्या बघितल्या. सावकाश लिहितो.

आधी एक कोडं. बटण कोणाचा मुलगा?

मोटिफ या जुन्या टूलकिटमध्ये बटण हे पाटीचं मूल. एक्सएमलेबलपासून एक्सएमपुशबटन. त्याच्या आधीच्या अथीना विजेटमध्येही तेच, लेबलपासून कमांड. म्हणजे बटण ही दाबता येणारी पाटी. (पुण्यात पाटी वाचून माणूस दाबला जातो, ते वेगळं.)

जावाच्या स्विंग टूलकिटमध्ये बटण हे डब्याचं मूल. कंपोनंट, त्यापासून कंटेनर, त्यापासून जेकंपोनंट, मग अॅबस्ट्रॅक्टबटन आणि शेवटी जेबटन. कंटेनर वाटेत आहे म्हणून जेबटनाच्या पोटात दुसरं जेबटन घालता येतं. कंपायलर हूं की चूं करत नाही. जेलेबलमध्येही घालता येतं.

जीटीके या टूलकिटच्या तिसऱ्या आवृत्तीतही बटण डबाच: विजेट, कंटेनर, बिन, बटन. त्याच्याखाली टॉगलबटन, त्याच्याखाली चेकबटन, त्याच्याखाली रेडिओबटन. चौकोनात टिकमार्क करायची ती एवढीशी वस्तू, आणि तिच्या डोक्यावर एवढे पूर्वज.

क्यूटीत मात्र पाटी आणि बटण चुलत भावंडं. क्यूलेबल जातं क्यूफ्रेमकडून, बटण जातं क्यूअॅबस्ट्रॅक्टबटनाकडून, दोघं भेटतात थेट क्यूविजेटला (क्यूटीतल्या पडद्यावरच्या वस्तूंचा मूळ पूर्वज). अॅपलच्या कोकोआत व्ह्यू, त्याखाली कंट्रोल, त्याखाली बटन.

आता सांगा, खरं कोणतं? बटण पाटी आहे, डबा आहे, की नुसतं बटण आहे?

एकही खरं नाही. 'आहे' हे नातं निसर्गात सापडत नाही, टूलकिट लिहिणाऱ्याने त्या वेळी कोणता कोड पुन्हा लिहायचा नाही ते ठरवलेलं असतं. मोटिफवाल्यांना अक्षरं मोजून मध्ये बसवायचा कोड वाचवायचा होता, त्यांनी बटण पाटीला दत्तक दिलं. जीटीकेवाल्यांना बटणात चित्र आणि मजकूर दोन्ही ठेवू द्यायचं होतं, त्यांनी डब्याला दिलं. तुमच्या दिवावाल्याने हेच केलं! हेतूत काही फरक नाही.

फरक आहे तो इतकाच, की त्यांनी अख्खं गाव एकाच वेळी बांधलं. बटण आणि बटणं शोधणारी खिडकी एकाच छताखाली लिहिली गेली. क्यूडायलॉगला ऑटोडिफॉल्ट माहीत आहे, क्यूपुशबटनाला क्यूडायलॉग माहीत आहे. तो करार ते दोघं पाळतात. तुम्ही मधल्या फटीत दिवा घुसवलात आणि करार वाचलाच नाही.

आणि त्यांचंही नेहमी चालतं असं समजू नका. जीटीकेची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली, तिच्यात कंटेनर आणि बिन हे दोन्ही पूर्वज उडवले. चेकबटनाचं टॉगलबटनाशी नातं तोडलं. रेडिओबटन हा क्लासच गेला, आता चेकबटनांचा गट केला की ती रेडिओसारखी वागतात. ज्यांनी ज्यांनी वंशावळीवर भरवसा ठेवून कोड लिहिला होता ते सगळे बसले दुरुस्त्या करत. जावाचंही तसंच. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत बटण दाबल्याचं कळून घ्यायला वारसा घेऊन फंक्शन बदलावं लागे. एका 'ओके'साठी एक क्लास. १९९७ च्या १.१ मध्ये लिसनर (बटण दाबल्याची खबर ऐकणारे वेगळे भाग) आले आणि तो छळ संपला. क्यूटीचे सिग्नल-स्लॉट त्याच दुखण्यावरचं औषध: बटण दाबल्यावर काय व्हावं यासाठी बटणाचा मुलगा काढावा लागू नये.

अवांतर: वारसा ही कल्पना सिम्युला ६७ मधली, ती ऑस्लोची. एमव्हीसी (प्रोग्रामचे माहिती, दृश्य आणि नियंत्रण असे तीन भाग करणारी रचना) मांडणारे ट्रिग्वे रीन्सकाउग नॉर्वेचे. क्यूटी काढणारी ट्रोलटेक १९९४ साली ऑस्लोतच सुरू झाली. तिथल्या पाण्यात काय आहे कोण जाणे. आपल्या मुठेच्या पाण्याबद्दल न बोललेलं बरं.

---

अर्धा_कप | सोम, सकाळी १०.३१

खोडकाका, दंडवत. "दाबता येणारी पाटी" फ्रेम करून लावतोय.

---

मोरपंखी | सोम, दुपारी १.२०

बाणेरला एका कंपनीत अँड्रॉइडवर काम करते. जुनं_खोड यांचं कोडं आमच्याकडे अजून जिवंत आहे. अँड्रॉइडमध्येही बटन हे टेक्स्टव्ह्यूचं (मजकूर दाखवणाऱ्या पाटीचं) मूल, मोटिफसारखंच. बटनचा क्लास उघडून बघितलात तर आत जवळजवळ काही नाही, वेगळी स्टाइल लावून टेक्स्टव्ह्यूलाच उभं केलंय. एडिटटेक्स्ट पण टेक्स्टव्ह्यूचं. पण *इमेजबटन*? ते इमेजव्ह्यूचं मूल! बटन आणि इमेजबटन यांची गाठ थेट व्ह्यूला पडते. नावात बटन, नात्यात काही नाही.

याचा फटका आम्हाला बसलाय. पैसे भरायच्या स्क्रीनवर एकदा 'भरा' दाबलं की बाकीची सगळी बटणं बंद करायची होती. आमच्यातल्या एकाने स्क्रीनवरच्या वस्तूंच्या झाडात फिरून "बटन असेल तर बंद कर" लिहिलं. मागे जायचा बाण इमेजबटन होता, तो चालूच राहिला. व्यवहार अर्धवट असताना लोक मागे जाऊ लागले. भोसरीवाला, तुमचा दिवा नको तिथे सापडला, आमचं बटण हवं तिथे सापडलं नाही. रोग एकच: क्लास बघून वागणं ठरवलं.

मला वाटतं दोष दिव्याचा कमी आणि मूळखिडकीतल्या त्या शोधाशोधीचा जास्त आहे. उद्या दिवा सुधाराल, परवा कोणीतरी बॅटरीचं चिन्ह क्यूपुशबटनापासून काढेल. टॅग लिहायचाय की नाही हे त्या वस्तूने सांगायला हवं. नारायणपेठी म्हणतात "तिला नावं ठेवू नयेत", मी ठेवते.

---

नारायणपेठी | सोम, दुपारी २.०२

ठेवा. पण दुपारी १ ते ४ आम्ही प्रतिवाद करत नाही.

---

कच्चा_लिंबू | सोम, संध्या. ६.४५

सीडॅकचा डॅक कोर्स करतेय, क्यूटी कालच सुरू झालं. मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. क्यूपुशबटन बनवताना कंसात 'पेरंट' द्यायचा असतो. तिथे खिडकी देतो. म्हणजे बटण खिडकीपासून इनहेरिट होतं का? मग वर काका म्हणतात ते क्यूअॅबस्ट्रॅक्टबटनापासून होतं. दोन आईबाप कसे?

---

मोरपंखी | सोम, संध्या. ७.१०

अजिबात मूर्ख नाही, या एका शब्दाने खूप लोकांना फसवलंय. झाडं दोन आहेत.

एक वंशावळ: कोणाच्या पोटी जन्म. ती कंपाइल करतानाच ठरते, नंतर बदलत नाही. दुसरं बिऱ्हाड: कोण कोणाच्या घरात राहतं. कंसातला 'पेरंट' म्हणजे घरमालक, बाप नव्हे. प्रोग्राम चालू असताना बटण एका खिडकीतून दुसरीत राहायला जाऊ शकतं.

घरमालकाचं काम दोन प्रकारचं. तो नष्ट झाला की आतल्या सगळ्या भाडेकरूंना घेऊन जातो, म्हणून प्रत्येक बटण वेगळं डिलीट करावं लागत नाही. आणि बटणाने माऊसची घटना नाकारली तर ती घरमालकाकडे जाते, बापाकडे नाही.

---

नारायणपेठी | सोम, संध्या. ७.२५

उदाहरण सुंदर, फक्त पुण्याला लागू नाही. इथे वाडा पडला तरी भाडेकरू जात नाही.

---

कच्चा_लिंबू | सोम, संध्या. ७.४०

😂 आता आयुष्यात विसरणार नाही. म्हणजे मूळखिडकी शोधत होती *बिऱ्हाडात*, पण ओळख पटवत होती *वंशावळीवरून*?

---

जुनं_खोड | सोम, संध्या. ७.५८

शाब्बास. लिंबू कच्चं राहिलेलं नाही.

---

फुकटचा_सल्लागार | सोम, रात्री ९.३०

२०१३ ला रिअॅक्ट (तुकडे जोडून पडदा बांधायची लायब्ररी) आलं तेव्हाच हा विषय संपला. त्याच वळणाच्या फ्लटर टूलकिटमध्ये जा. पॅडिंग हवं तर पॅडिंग नावाचं विजेट बाहेरून गुंडाळायचं, रंग हवा तर रंगाचं गुंडाळायचं. बटणाचा मुलगा काढायची वेळच येत नाही. अजून क्यूपुशबटनाचा वंश वाढवत बसलात तर असंच होणार.

---

भोसरीवाला | सोम, रात्री १०.१०

सल्लागार, सल्ला पटतो, पण आमच्या पॅनेलवर बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आणि तेवढाच जुना लिनक्स आहे. असे शेकड्याने पॅनेल बाहेर बसवलेत. फ्लटरचं कोटेशन मालकांपुढे ठेवून दाखवा, चहा माझ्याकडून.

मोरपंखी आणि खोडकाका, दोघांचं मिळून करायला घेतलंय. उद्या कळवतो.

---

जुनं_खोड | सोम, रात्री १०.२२

करण्याआधी एक बघा. दिव्याच्या क्लासमध्ये क्यू-ऑब्जेक्टचा मॅक्रो (क्लासची क्यूटीकडे नोंद करणारी एक ओळ) आहे का? नसेल तर क्यूटीला तो दिवा आहे हे माहीतच नाही, तो स्वतःला क्यूपुशबटनच सांगतो. मग "सगळे दिवे शोधून दे" म्हटलंत तर खरी बटणंही दिवे म्हणून परत येतील. मी यात एकदा दोन दिवस घालवलेत.

---

भोसरीवाला | बुध, रात्री १०.५०

काका, नव्हता मॅक्रो. पाया पडतो.

काय काय केलं ते लिहितो. दिवा आता थेट क्यूविजेटापासून काढला. रंगवायचं फंक्शन स्वतः लिहिलं, एक वर्तुळ आणि खाली नाव, साठेक ओळी. फोकस घेत नाही, एंटर ऐकत नाही. टॅग लिहिणारं एक वेगळं छोटं बटण केलं, टॅग लिहायचा हक्क फक्त त्याला. मूळखिडकी आता त्यालाच शोधते. ऑर्डरखिडकीला पासवर्डखिडकीपासून सोडवलं, तिच्यात आता एक चौकट आणि दोन बटणं *आहेत*, ती कोणाची मुलगी नाही, क्यूडायलॉग सोडून.

चालवलं तर सगळे दिवे करडे. स्टाइलशीटमध्ये (रंगरूपाच्या नियमांच्या यादीत) क्यूपुशबटन लिहून रंग दिले होते, आणि तो नियम क्यूपुशबटनाच्या सगळ्या वंशजांना लागतो, म्हणून दिव्यांनाही लागत होता. घर सोडलं तसे कपडेही गेले. नुसतं दिव्याचं नाव घालून भागलं नाही, कारण क्यूविजेटापासून स्वतःचा क्लास काढला की स्टाइलशीटची पार्श्वभूमी आपण रंगवायला सांगितल्याशिवाय येत नाही. तीन ओळींचं काम, पण त्या तीन ओळी सापडेपर्यंत जेवायची सुट्टी संपली. जाता जाता कळलं की क्यूपुशबटनाच्या आधी नुसतं एक टिंब दिलं असतं (आणि दिव्यात मॅक्रो असता) तर नियम फक्त अस्सल बटणांपुरता राहिला असता. एक टिंब!

आज सकाळी चाकणला जाऊन बसवून आलो. वीस वेळा स्कॅन करून बघितलं, आकडा जागचा हलला नाही. निघताना तोच ऑपरेटर मागे आला.

"साहेब, दिवे बंद पडलेत का?"

म्हटलं नाही, हिरवे दिसतायत की.

"दिसतायत. पण बोट लावलं की आधी बीप यायचा. स्क्रीन हँग झालीय का ते आम्ही दिव्याला बोट लावून बघायचो. बटणाला लावलं तर मशीन चालू होतं ना."

---

नारायणपेठी | बुध, रात्री ११.०४

करा आता दिव्याचं बटण.